अमळनेरच्या मॅडमचा इंग्रजी सराववर्ग: दहावीच्या पोरीच्या बापाचा अनुभव

शाळेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याला एकोणीस वर्षं झाली. दहावीची पोरं जानेवारीपासून काय काय कॉपी करून नेतात ते मला पाठ झालंय. पत्रांचे नमुने, कवितांची रसग्रहणं, बातमीलेखन, कुणाच्या तरी मोठ्या बहिणीच्या वहीतली भाषांतराची पानं. इंग्रजीचा न पाहिलेला उतारा, ज्याला सगळे अनसीन म्हणतात, तो कॉपी करायला गेल्या वर्षापर्यंत एकही पोरगं आलेलं मला आठवत नाही. त्यात पाठ करण्यासारखं काही नसतं, म्हणून तो कुणाला नको असतो.

माझी पोरगीही त्यातलीच. मराठी माध्यम, इंग्रजी तृतीय भाषा. सहामाहीत ८० पैकी २९ पडले आणि पेपर घरी आणला तेव्हा उताऱ्याची अख्खी पानं लाल रेघांनी भरलेली होती. दिवाळीनंतर तिला मी आमच्याच गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या सराववर्गाला घातलं. त्या वर्गाबद्दल हे लिहितोय. मॅडमनी नाव छापू नका म्हणून बजावलं आहे, त्यामुळे नाव देत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्यांच्या सरावाच्या पानांच्या कॉपी माझ्याच दुकानातून निघतात. इतरांना जो दर तोच त्यांना, आणि पोरीची फी मी पूर्ण भरली, महिना चारशे रुपये.

त्याआधी जुलैपासून ती दुसऱ्या एका मोठ्या क्लासला जात होती. तिथे इंग्रजीच्या तासाला काळ शिकवले, प्रयोग शिकवले, वहीत बाराही काळांचा तक्ता सुंदर अक्षरात उतरवून घेतला. तक्ता तिला आजही येतो. पण उताऱ्यातलं एक वाक्य देऊन ‘याचा भूतकाळ कर’ म्हटलं की ती अडायची. मला वाटायचं पोरगी लक्ष देत नाही. तसं नव्हतं, हे मॅडमनी कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, माझ्यापुढे उलगडून दाखवली तेव्हा कळलं. पालकांना बोलावून हा कागद समजावणारं त्यांच्याआधी मला कुणी भेटलं नव्हतं, म्हणून मला समजलं तसं इथे मांडतो.

लेखी ८० गुण, तोंडी वगैरे २०. पहिला प्रश्न १० गुणांचा, शब्दांचे छोटे खेळ: वर्णानुक्रम लावा, शब्दसाखळी करा, विरामचिन्हं द्या. पुढे पुस्तकातले दोन उतारे, प्रत्येकी १०. कविता १०. मग अनसीन १० आणि त्याच अनसीनचा सारांश ५. लेखन २०, शेवटी भाषांतर ५. ‘व्याकरण’ असं पाटी लावलेलं वेगळं दुकान या पेपरात कुठेच नाही. प्रत्येक उताऱ्याखाली पाच कृती, प्रत्येकी दोन गुणांच्या, आणि त्यातली एक व्याकरणाची. वाक्यही त्याच उताऱ्यातलं उचललेलं. म्हणजे उतारा कळलाच नाही तर व्याकरणही हातचं जातं. आणि एका अनसीनवर एकूण १५ गुण टांगलेले आहेत! हे १५ गुण एवढी वर्षं माझ्या काउंटरवर कुणी मागितले नव्हते.

वर्ग मॅडमच्या घरच्या पुढच्या खोलीत भरतो. सतरंजी, एक फळा, अठरा पोरं. रोज दीड तास. आल्या आल्या एक पान हातात पडतं, मॅडमच्या स्वतःच्या अक्षरातलं. त्या उतारे स्वतः लिहितात. एक साने गुरुजींवर होता, १९२४ ते १९३० ते आमच्याच गावच्या शाळेत शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत होते, त्याबद्दल. एक रावेर-सावद्याहून रेल्वेच्या वॅगनी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या केळीवर. एक बहिणाबाईंवर. उताऱ्याला आधी हात लावायचा नाही, आधी खालचे प्रश्न वाचायचे हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम मला फार आवडला. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलनं ठिपका द्यायचा आणि थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं. माझी पोरगी पहिल्या ओळीत अडलेल्या शब्दापाशीच दहा मिनिटं बसून राहायची. आता ठिपका देते आणि पुढे सरकते. अर्धे ठिपके शेवटपर्यंत गेल्यावर आपोआप पुसावे लागतात, असं तीच मला सांगत होती.

बहिणाबाईंच्या उताऱ्यावरची गोष्ट लिहिलीच पाहिजे. प्रश्न होता, बहिणाबाईंच्या ओव्या आपल्यापर्यंत कशा पोचल्या? पोरीनं लगेच ‘त्यांनी लिहून ठेवल्या’ असं इंग्रजीत ठोकून दिलं. उताऱ्यात एका ओळीत होतं की त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि चार ओळी पुढे होतं की मुलानं, सोपानदेवांनी, ओव्या उतरवून घेतल्या. मॅडमनी चूक म्हणून काट मारली नाही. ‘कुठल्या ओळीत दिसलं ते बोट ठेवून दाखव,’ एवढंच म्हणाल्या. बोट ठेवायला ओळ सापडेना, तेव्हा पोरीला स्वतःलाच चूक दिसली. सोप्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत असतं, अवघड प्रश्नाला दोन ओळी शिवाव्या लागतात, हे तिला त्या दिवशी उमगलं. घरी येऊन आजीला तीच कथा अहिराणीत सांगत बसली होती.

अहिराणीचं नाव निघालंच आहे तर या वर्गातली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट सांगतो. आमच्याकडची पोरं ‘आय गोज’, ‘आय प्लेज’ असं सर्रास लिहितात. शाळेत त्यासाठी मार खाल्लेली पिढी आमची. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: मी जास, तू जास, तो जास. खाली इंग्रजी: आय गो, यू गो, ही गोज. मग म्हणाल्या, ‘बघा, तुमच्या घरच्या भाषेत तिघांच्याही मागे स आहे. म्हणून तुमची जीभ सगळीकडे स लावते. इंग्रजीनं तो स फक्त त्याला आणि तिला ठेवलाय.’ बस्स. मी खिडकीबाहेर पोरीला न्यायला उभा होतो, माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं ही चूक मी अडाणीपणाची समजत होतो, आणि तिचं मूळ माझ्या आईच्या बोलीत होतं. त्यानंतर पोरीचा तो स सहसा चुकत नाही. ‘डझ नॉट’ आलं की पुढच्या क्रियापदाचा स गळतो, हेही मग एका ओळीत समजलं, कारण तो स ‘डझ’नं आधीच घेतलेला असतो.

प्रश्नार्थक शेपटीचंही तसंच. आपला एक ‘ना’ सगळ्यांना पुरतो: येशील ना, आहे ना, खाल्लंस ना. इंग्रजीत प्रत्येक वाक्याची शेपटी वेगळी, आणि वाक्य होकारी असेल तर शेपटी नकारी. प्रयोगासाठी त्यांनी ‘तिने कैरी खाल्ली, तिने आंबे खाल्ले’ घेतलं. आपलं क्रियापद कैरीच्या आणि आंब्यांच्या मागे धावतं, इंग्रजीतलं ‘एट’ जागचं हलत नाही. ‘अनलेस’च्या पुढे पुन्हा नकार लिहायचा नाही, कारण नकार त्याच्या पोटातच आहे. ही वाक्यं मी आता गिऱ्हाइकांनाही सांगतो.

स्वतःचं मत विचारणारी जी पाचवी कृती असते, ती बहुतेक मुलं कोरी सोडतात. सहामाहीत माझ्या पोरीनंही तिन्ही उताऱ्यांखाली सोडली होती. म्हणजे सहा गुण तिथेच वाहून गेले. मॅडम ती आधी तोंडी घेतात, घरी बोलता त्या भाषेत बोला म्हणतात. केळीच्या उताऱ्याखाली प्रश्न होता, शेतमाल दूर पाठवण्याचे फायदे-तोटे तुम्हाला काय वाटतात? एक पोरगा, त्याच्या घरी केळीचाच बाग, अहिराणीत पाच मिनिटं बोलला. भाव, वाहतूक, पिकलेला घड, बापाची झोप. मग मॅडम म्हणाल्या, यातली तीन वाक्यं निवड: एक मत, एक कारण, एक घरचं उदाहरण. ती तीन छोटी वाक्यं इंग्रजीत आणायला त्याला फारशी अडचण पडली नाही. सांगायला काही असलं की शब्द शोधायला जोर येतो, हे मी समोर पाहिलं.

आता त्रुटी.

पहिली, उत्तरसूची देत नाहीत. सुरुवातीला मला याचा रागच आला होता. घरी चूक-बरोबर कसं तपासायचं? मॅडमचं म्हणणं, सूची दिली की पोरं आधी तीच बघतात. पटतं, पण आजारी पडून वर्ग बुडाला तर त्या पानाचं काही करता येत नाही. चार दिवस ताप आला तेव्हा आमची चार पानं तशीच राहिली.

दुसरी त्रुटी मोठी आहे. लेखनकौशल्याचे २० गुण त्या जवळजवळ जानेवारीपर्यंत बाजूला ठेवतात. पत्र, संवाद, तक्त्यावरून परिच्छेद, हे सगळं शेवटच्या सहा आठवड्यांत कोंबलं जातं. वाचता आलं की लिहिता येतं, असा त्यांचा विश्वास आहे. माझ्या पोरीला पत्राचा आराखडा शेवटी माझ्याच दुकानातल्या कॉपीवरून पक्का करावा लागला. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

तिसरी, उतारे बहुतेक आपल्या भागातले. मुलांना धीर येतो हे खरं, पण बोर्डाचा अनसीन कुठल्याही मुलखातला असू शकतो. डिसेंबरच्या शेवटी मॅडमनी बर्फ, समुद्र, अंतराळ असे परके विषय आणले तेव्हा पोरं आठवडाभर गांगरली होती. हा बदल महिनाभर आधी व्हायला हवा होता.

आणि खेड्यावरून येणाऱ्या मुलांचा प्रश्न आहे. वर्ग साडेसातला सुटतो. दोन मुली दर वेळी एस.टी. गाठायची म्हणून पंधरा मिनिटं आधी उठायच्या, आणि नेमकी ती पंधरा मिनिटं सारांशाची. उताऱ्याचा सारांश म्हणजे ओळी गाळून लिहिलेला उतारा नव्हे, पुस्तक मिटून शेजारणीला सांगावं तसं सांगायचं आणि मग लिहायचं, वर नेमकं शीर्षक द्यायचं, हे मॅडम फार छान घेतात. त्या दोघींना ते अर्धवटच मिळालं. दुपारची बॅच काढा म्हणून मी मागे लागलो आहे.

पूर्वपरीक्षेत पोरीला ८० पैकी ५७ पडले. बोर्डात तोंडी धरून शंभरात ७४ आले. सगळं श्रेय वर्गाला देणार नाही, ती पहाटे पाचला उठून बसायची आणि शाळेतल्या सरांनीही शेवटी बरीच मेहनत घेतली. पण पेपर देऊन आली तेव्हा तिनं पहिली गोष्ट सांगितली ती अशी: ‘पप्पा, अनसीनमधे सात ठिपके दिले, पण सगळं लिहून आले.’ नोव्हेंबरात हीच पोरगी अनसीनचं पान उलटून थेट पत्राकडे जायची.

कुणासाठी हा वर्ग चांगला आहे? मराठी माध्यमातली मुलं, ज्यांना पाठ करता येतं पण वाचताना भीती वाटते, त्यांनी डोळे झाकून जावं. ज्याला नव्वदच्या पुढे हवेत आणि ज्याचं वाचन आधीच पक्कं आहे, त्याला लेखनासाठी दुसरी सोय बघावी लागेल. इंग्रजी माध्यमाची पुस्तकं आणि पेपर वेगळे, ती मुलं मॅडम घेत नाहीत. दहावीच्या दिवाळीपर्यंत थांबू नका, आम्ही थांबलो आणि लेखनाला वेळ कमी पडला. नववीपासून घेतात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नावं नोंदवतात, अठरापेक्षा जास्त घेत नाहीत. सोबत दोन वह्या, पेन्सिल आणि बालभारतीचं पुस्तक लागतं. बाजारातलं गाइड आणलं तर दारातच ठेवायला लावतात.

पत्ता इथे देत नाही, दुकानात येऊन विचारा. यंदाच्या पहिल्या दहा पानांचा गठ्ठा छापून तयार आहे, मॅडमची परवानगी घेतली आहे, एक पान चाळून बघितलं तरी पोराला जमेल की नाही याचा अंदाज येईल.