आरव्ही-७ए विमानाचे ब्रेक: ८३२८२ ऑइल आणि टेफ्लॉन होज, दहा महिन्यांनंतर

माझ्या आरव्ही-७ए या छोट्या विमानाच्या उजव्या चाकाच्या आवरणात लाल ओघळ दिसला, म्हणून हे लिहितोय. ब्रेक क्लीव्हलँड कंपनीचे, त्यातलं ऑइल एमआयएल-पीआरएफ-८३२८२ (थोडक्यात ८३२८२), ते नेणारे लवचीक होज टेफ्लॉनचे, वरून स्टीलची जाळी. गळती होजमधून नव्हती. कॅलिपरमधली (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातली) नायट्राइल रबराची ओ-रिंग, म्हणजे ऑइल अडवणारी गोल सील, उष्णतेने कडक होऊन चपटी झाली होती. एवढ्याशा रबरापायी विमान जळू शकतं, आणि तरी ती ‘अजून चालेल’ म्हणून आत ठेवली जाते, याचा खरोखर संताप येतो.

आरव्ही-७एचं पुढचं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, वळायचं ते एका बाजूचा ब्रेक दाबूनच. इंजिनाचे फेरे जास्त ठेवून ब्रेकवर पाय ठेवला की डिस्क भयंकर तापते आणि आतली ओ-रिंग भाजते. जुन्या ५६०६ ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो) किमान ८२ अंश सेल्सिअस, ८३२८२चा किमान २०५. तापलेल्या डिस्कवर थेंब पडला तर या फरकाला किंमत आहे. दोन्ही लाल, दोन्हींना तीच सील चालतात, एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही. पण मिसळलं की फ्लॅश पॉइंट खाली येतो, म्हणून जुनं पूर्ण काढूनच नवं भरा. कडाक्याच्या थंडीत मात्र ८३२८२ जास्त घट्ट होतं.

सुरुवातीला वाटलं होतं, ऑइल बदललं की काम झालं. आता मत बदललंय. या ऑइलने आगीची शक्यता घटते, गळतीची नाही.

गाडीचं डॉट ४ ब्रेक ऑइल या ब्रेकमध्ये चुकूनही नको. ते ग्लायकोलचं, त्याला ईपीडीएम रबर लागतं. नायट्राइल आणि व्हायटॉन (उष्णतेत टिकणारं रबर) दोन्ही त्यात खराब होतात. उलट, मोटारसायकलचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) बसवलेल्या विमानात लाल ऑइल घातलं तर तिथलं ईपीडीएम फुगतं. चुकीचं ऑइल गेलंच, तर नुसतं धुऊन भागत नाही, रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. टेफ्लॉनला यातलं कुठलंही ऑइल चालतं. म्हणून ऑइल ठरवायचं ते सील बघून, होज बघून नाही.

होजचं काम चोख आहे. पेडलपाशी नायलॉनच्या नळ्या असतील तर त्या काढाच. कॅलिपरजवळ तर नायलॉन नकोच, उष्णतेने मऊ पडतो. पण स्टीलची जाळी करवतीसारखी घासते, शेजारची ॲल्युमिनियमची नळी कापून काढते. वर स्लीव्ह चढवा. रडर पूर्ण एका बाजूला आणि त्याच वेळी ब्रेक पूर्ण दाबून होज कुठे घासतो, ताणतो का ते बघा. मग दुसऱ्या बाजूला तेच. पॅड झिजतात तसा कॅलिपर सरकतो, तिथे थोडी ढील हवी.

पाव इंची ५०५२-ओ ॲल्युमिनियमच्या नळीचा फ्लेअर, म्हणजे फुलवलेलं टोक, ३७ अंशांचा. गाडीचं ४५ अंशांचं हत्यार वापरू नका. नट ४० ते ६५ इंच-पाउंड जोराने आवळा. गळतंय म्हणून आवळत गेलं की फ्लेअर पातळ होऊन चिरतो. पाइपच्या निमुळत्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, तुकडे आत जातात. सीलंट पेस्ट लावा.

पहिले काही आठवडे पेडल मऊ लागत होतं, दोष होजला दिला. चूक होती. पेडलपाशी होजचा जो वळसा वर जातो, त्यात हवा अडकली होती. पार्किंग व्हॉल्व्ह उघडा, टाकीचं बूच सैल करा, कॅलिपरच्या निपलमधून ऑइलच्या पिचकारीने खालून वर ऑइल ढकला, वर येणारे बुडबुडे थांबेपर्यंत. अर्ध्या लिटरच्या आत भागतं, तरी क्वार्टचा अख्खा डबा घ्यावा लागतो, हे मला खटकतं.

आता दोन्ही कॅलिपरमध्ये २१८ मापाची व्हायटॉन ओ-रिंग आहे. उष्णतेत टिकते, मात्र उणे २६ अंश सेल्सिअसच्या खाली ताठरते. तुमच्याकडे तशी थंडी असेल तर नायट्राइलच ठेवा आणि वार्षिक तपासणीत ती चांगली दिसली तरी बदला. कॉफीच्या पेल्याहून स्वस्त आहे.