ओजेटी, फील्ड प्रोजेक्ट की ॲप्रेंटिसशिपची पदवी? कामाचे क्रेडिट मिळवण्याआधी

बाहेर केलेल्या कामाचेही पदवीसाठी क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, मिळतात हे महाराष्ट्रातल्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांना एव्हाना ठाऊक झाले आहे. घोळ पुढे होतो: कुठल्या कामाचे, किती आणि कोणाच्या सहीने? हिशेब राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याचा आहे. ३० तासांना १ क्रेडिट, वर्षाला साधारण ४०. (इंजिनीअरिंगला एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचे, माप वेगळे, तिथे इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला ४० ते ४५ तास धरतात. इंजिनीअरिंगच्या मित्राचा हिशेब आपल्याला लावू नये.)

तीन वर्षांच्या पदवीत ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, बहुतेक ठिकाणी सहाव्या सत्रात ४ क्रेडिटची असते. म्हणजे १२० तास. सुट्टीत रोज आठ तास गेलात तर पंधरा दिवसांत संपते. सत्र चालू असताना करायची तर आठवड्याला आठ तास, पंधरा आठवडे. दोन दुपारी मोकळ्या असल्या की जमते. जेवणाची सुट्टी तासांत धरू नका. नऊ ते सहा हजेरी आणि रोजचे नऊ तास असे लॉगबुक (रोजच्या कामाची नोंदवही) तपासणाऱ्याच्या पहिल्या नजरेत भरते.

फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे काम २-२ क्रेडिटचे, म्हणजे प्रत्येकी ६० तासांचे. इथे कंपनी लागत नाही. ग्रामपंचायत, दूध संस्था, बचत गट, नगरपालिकेची शाळा, काहीही चालते. शहरापासून लांब राहणाऱ्यांनी याला कमी लेखू नये, कारण विषय आपल्या हातात राहतो. पण हे ओजेटीच्या जागी चालत नाही. दोन्हींचे रकाने वेगळे आहेत आणि एकात जास्त तास भरले म्हणून दुसऱ्यातले माफ होत नाहीत.

तिसरी वाट ॲप्रेंटिसशिपयुक्त पदवीची, आणि ती या दोन्हींपेक्षा मुळातच वेगळी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे थेट आस्थापनेत जातात. वर्षभराच्या ॲप्रेंटिसशिपला किमान ४० क्रेडिट, म्हणजे पदवीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. करार ॲप्रेंटिस कायद्याखाली होतो, नोंद नॅट्स या ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर, आणि विद्यावेतन देणे बंधनकारक. ओजेटीत विद्यावेतनाची सक्ती नाही. प्रवासखर्च सुटला तरी पुष्कळ.

घरून पैसे येणे अवघड असेल आणि एरवीही हजेरी बुडवून नोकरी करावी लागणारच असेल, तर ही पदवी सरळ फायद्याची. लॉजिस्टिक्स, रिटेल, बँकिंग-वित्त अशा विषयांत ती जास्त दिसते. एमएस्सी किंवा संशोधनाकडे जायचे असेल तर मात्र दोनदा विचार करा: जी सत्रे आस्थापनेत जातात, त्यांतले विषय तुमच्या वाट्याला कमी येतात. शिवाय ही निवड प्रवेशाच्या वेळीच करायची असते. साध्या बीकॉमला प्रवेश घेऊन तिसऱ्या वर्षी इकडे वळता येईल, अशी आशा धरू नका. आणि ॲप्रेंटिस हा कायद्याने कर्मचारी नव्हे, प्रशिक्षणार्थी असतो. करार संपल्यावर कायम करतीलच असे नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना किंवा प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना यांच्याशी याची गल्लत बरेच जण करतात. त्या शिक्षण पूर्ण झालेल्यांसाठी आखल्या आहेत. नियमित वर्गात शिकणाऱ्याने तिथे अर्ज करून क्रेडिटची वाट पाहू नये. पैसे घेऊन महिनाभरात ‘ऑनलाइन इंटर्नशिप’चे प्रमाणपत्र देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठांवरचे कोर्स खरोखर क्रेडिट देतात, बारा आठवड्यांच्या कोर्सला सहसा ३, पण ते विषयांच्या रकान्यात, कामाच्या नाही.

आता कागद. क्रेडिट जातात ते बहुधा इथेच, कामात नाही. क्रम असा ठेवा: आधी विभागप्रमुखांना जागा आणि कामाचे स्वरूप लेखी दाखवायचे, कॉलेजचे पत्र आणि बोनाफाईड घेऊन आस्थापनेकडून स्वीकृतीपत्र आणायचे, गाईडचे नाव ठरवून घ्यायचे आणि मगच रुजू व्हायचे. पत्रावर १५ तारीख आणि लॉगबुक १ तारखेपासून, असे असले की मधले तास धरायचे की नाही हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर. शेवटच्या प्रमाणपत्रावर मार्कशीटवरचे नाव जसेच्या तसे, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, कामाचे स्वरूप, सही करणाऱ्याचे पद आणि शिक्का हवा. ‘दोन महिने समाधानकारक काम केले’ एवढ्यावर क्रेडिट मोजता येत नाहीत, कारण मोजायला तासच नसतात.

लॉगबुक रोजच्या रोज लिहा. ‘आज टॅली शिकलो’ ही नोंद व्हायवात काहीच कामाची नाही. ‘खरेदीची ४२ बिले टॅलीत चढवली, दोन बिलांवर जीएसटी क्रमांक चुकीचा, व्यापाऱ्याकडून दुरुस्त बिले मागवली’ अशी नोंद असली की परीक्षकाचा पुढचा प्रश्न तुम्हाला आधीच कळलेला असतो. गुण त्या उत्तराला मिळतात.

आधीपासून नोकरी असेल तर? सीएकडे, मेडिकलच्या दुकानात, वडिलांच्या गॅरेजमध्ये? काम विषयाशी जुळत असेल तर विचारायला हरकत नाही, पण मंजुरीच्या आधीचे तास सहसा धरत नाहीत. घरच्या धंद्याचे प्रमाणपत्र नातेवाइकाच्या सहीने बऱ्याच ठिकाणी नाकारतात. तेव्हा तिथे काम करत राहा आणि १२० तास दुसरीकडे भरा, हेच कमी डोकेदुखीचे.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबणार असाल, तर प्रमाणपत्र किंवा पदविका मिळवायला त्या सुट्टीत ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप जादा करावी लागते. हे अनेकांना कॉलेज सोडल्यावर कळते. परत यायचे असेल तर तीन वर्षांच्या आत.

क्रेडिट शेवटी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, क्रेडिटचे ऑनलाइन खाते) जमा होतात आणि तिथे ते विद्यापीठ चढवते. विद्यार्थ्याला स्वतः चढवता येत नाहीत. आधार आणि मार्कशीटवरचे नाव वेगळे असेल, आईचे नाव मध्येच आले असेल किंवा स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी असेल, तर नोंद अडकू शकते. सहाव्या सत्राचा निकाल लागला की डिजिलॉकर उघडून ओजेटीचे ४ दिसतात का ते पाहा. नसतील तर मार्कशीटची प्रत आणि एबीसी क्रमांक जोडून कॉलेजमार्फत परीक्षा विभागाकडे लगेच अर्ज द्या. पुढच्या प्रवेशाची गर्दी सुरू झाली की त्याच खिडकीवर तासन्‌तास थांबावे लागते.