हिरवा दिवा खोटा होता: जिनिंगच्या सर्व्हरची देखभाल दुसऱ्याच्या हातात देणाऱ्यांसाठी

मी धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही पाहतो. मागच्या हंगामात आमची जी फसवणूक झाली, ती मी तारखांसकट लिहितोय. आपल्या भागात जिनिंग, पतसंस्था, दवाखाने सगळीकडे असाच एखादा सर्व्हर कोपऱ्यातल्या खोलीत चालू असतो आणि त्याच्याकडे बघणारा माणूस बाहेरचा असतो.

आमच्या सर्व्हरमध्ये चार डिस्का रेड ५ पद्धतीने लावलेल्या आहेत. या पद्धतीत एक डिस्क मेली तरी डेटा शाबूत राहतो, काम चालू राहतं. धोका नेमका इथेच आहे. डिस्क गेल्याचं काट्यावर बसलेल्या पोराला कळत नाही, मला कळत नाही, मालकांनाही कळत नाही. दुसरी जाते तेव्हा सगळं एकदम बसतं. म्हणून डिस्कांवर लक्ष ठेवायला प्लगइन म्हणजे एक छोटा प्रोग्राम लागतो. तो रेड कंट्रोलरला, म्हणजे डिस्का सांभाळणाऱ्या सर्व्हरमधल्या कार्डाला, ठरावीक वेळाने विचारतो आणि उत्तर नागिओस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला कळवतो. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे इशारा, दोन म्हणजे गंभीर, तीन म्हणजे कळत नाही. नागिओस स्वतः डिस्क बघत नाही, हा आकडा खरा मानून पडद्यावर रंग दाखवतो.

हे सगळं बसवून द्यायला आणि वर्षभर सांभाळायला जळगावचा एक माणूस ठेवला होता. वर्षाचे १८ हजार रुपये. ऑफिसच्या भिंतीवर पडदा लावून दिला, त्यावर सर्व्हरच्या नावापुढे हिरवी पट्टी. मालक रोज सकाळी आल्याआल्या तिकडे बघायचे.

९ डिसेंबरला सर्व्हरमधून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. पट्टी लाल झाली. मी लगेच फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आला, खोलीचं दार लावून तासभर बसला. बाहेर येऊन म्हणाला, "दादा, रुईची धूळ बसली होती, त्यात एक डिस्क गेली. नवीन टाकली." आवाज बंद, पट्टी हिरवी. ९,५०० रुपयांचं बिल दिलं, आम्ही त्याच दिवशी चुकतं केलं. जुनी डिस्क मागायचं मला सुचलं नाही. सर्व्हरच्या समोरच्या जाळीची चावीही त्याच्याकडेच होती.

२१ फेब्रुवारीला दुपारी सर्व्हर बंद पडला तो पडलाच. आवक चालू होती, काट्यावर गाड्यांची रांग. त्याचा फोन लागेना. शेवटी माझा भाचा, जो पुण्यात हेच काम करतो, रात्रीच्या गाडीने आला. जाळी उघडावी लागली ती स्क्रू काढून.

त्याने कंट्रोलरची नोंदवही काढली. ती कंट्रोलरमध्ये आपोआप लिहिली जाते. दुसऱ्या खणातली डिस्क ९ डिसेंबरला गेल्याची नोंद होती. १० डिसेंबरला अलार्म कायमचा बंद केल्याची नोंद होती. नवी डिस्क बसवल्याची, तिच्यावर डेटा पुन्हा भरल्याची एकही नोंद नव्हती. खणात तीच मेलेली डिस्क, तोच सीरियल नंबर. आमच्या बिलावर सीरियल नंबरची जागा कोरी होती.

मग भाच्याने प्लगइनची फाइल उघडली. तिच्यात दोन ओळी होत्या. एक ओळ "ओके, सर्व डिस्क ठीक" असं छापायची आणि दुसरी शून्य परत द्यायची. कंट्रोलरला काही विचारणं नाहीच. फाइल बदलल्याची तारीख १० डिसेंबर. म्हणजे त्याआधी खरा प्लगइन होता, त्याने बरोबर लाल दाखवलं होतं, आणि या माणसाने तो काढून खोटा ठेवला. अडीच महिने मालक रोज सकाळी या दोन ओळींकडे बघत होते. हे आठवलं की आजही माझा हात थरथरतो.

तुमच्याकडे असा प्लगइन असेल तर तो स्वतःसमोर तपासून घ्या. तो ज्या युटिलिटीमार्फत (कंट्रोलरशी बोलणारा प्रोग्राम) कंट्रोलरला विचारतो, तिचं नाव देखभालीच्या माणसाकरवी दोन मिनिटांसाठी बदलायला लावा. खरा प्लगइन ठीक म्हणणार नाही, बहुधा "कळत नाही" म्हणजे तीन देईल. तरीही ठीक म्हणत असेल तर तो खोटा किंवा बिनकामाचा आहे. चालू डिस्क उपसून परीक्षा घ्यायला मात्र जाऊ नका. आधीच एक गेलेली असेल तर त्याच क्षणी सगळं जाईल. डिस्क बदलली म्हणाला तर जुनी ताब्यात घ्या, नवीचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि कंट्रोलरच्या यादीशी जुळवा. रेड लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीचं असेल तर त्याच्या स्थितीच्या फाइलमध्ये प्रत्येक चांगल्या डिस्कमागे एक यू दिसतो, गेलेल्या डिस्कच्या जागी खालची रेघ येते. एवढं हिशेबनिसालाही बघता येतं. आणि रेड आहे म्हणून बॅकअप टाळू नका. मी दर पंधरा दिवसांनी घेत होतो, ते रोज घ्यायला हवं होतं.

शेवटचा बॅकअप १० फेब्रुवारीचा होता. अकरा दिवसांच्या चारशेच्या वर काटापावत्या गेल्या. आम्ही गावोगाव निरोप पाठवले, शेतकरी पावत्या घेऊन आले. "भाऊ, मनी पावती मनाजोडे शे," म्हणत एकाने ती पिशवीतून काढली, तेव्हा मला रडूच आलं. ज्यांची पावती हरवली होती अशा सात जणांनी सांगितलं तेच वजन मालकांनी धरलं आणि त्यांचे पैसे दिले. त्या माणसाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती परत आली. पोलिसांत अर्ज दिला आहे. सोबत बिल, कंट्रोलरच्या नोंदीची प्रत आणि ती दोन ओळींची फाइल पेन ड्राइव्हवर जोडली आहे.