बर्फाचा अंदाज देणारं पेड ॲप: अख्खा सीझन वापरल्यानंतर

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कस्टमर केअरशी वाद अजून मिटलेला नाही. गुलमर्गला स्कीइंगला जाणाऱ्यांच्या फोनमध्ये जी दोन-तीन ॲप्स असतात, त्यातलंच एक. ऑक्टोबरात वर्षाचे १,४९९ रुपये भरून घेतलं. मागच्या आठवड्यात अपडेट आला आणि ज्या एका ओळीसाठी पैसे भरले होते, ती ओळच महागड्या प्लॅनमध्ये गेली.

ती ओळ म्हणजे फ्रीझिंग लेव्हल. हवेचं तापमान कुठल्या उंचीवर शून्य होतं, ते सांगणारी. बाकी सगळं ॲप काढून टाकलं आणि एवढीच ओळ ठेवली, तरी मी पैसे भरेन.

आमचा बेळगावचा ग्रुप दर हिवाळ्यात गुलमर्गला जातो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर, वर स्कीचं भाडं आणि हॉटेल. वर्षभर बाजूला काढलेले पैसे एका आठवड्यात जातात. तो आठवडा कोरडा गेला की झालं! जानेवारी २०२४ मध्ये महिनाअखेरपर्यंत तिथं जवळजवळ बर्फच नव्हता. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतनं मार्चवर ढकलावे लागले. चिल्लई कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, एवढ्या भरवशावर आता तिकीट काढता येत नाही. म्हणून अंदाजासाठी पैसे मोजणं मला पटतं.

सुरुवातीला ॲपवर जाम चिडलो होतो. ग्रुपमधला एक मुलगा आमच्या आधी पोचला होता. ॲपच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत २८ सेंटिमीटर. संध्याकाळी त्याचा फोन आला, "दादा, पाऊस पडूलाय की इथं!" तो होता खाली, गंडोल्याच्या (तिथल्या केबल कारच्या) तिकीट खिडकीपाशी, सुमारे २,६५० मीटरवर. पहिल्या पानावरचा आकडा होता अफरवट डोंगरावरच्या, गंडोल्याच्या सगळ्यात वरच्या स्टेशनचा, सुमारे ३,९५० मीटरचा. मधलं स्टेशन, कोंगडोरी, अंदाजे ३,०५० मीटरवर. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली एक अंश असताना वर उणे सात-आठ. एकाच ढगातनं खाली पाऊस, वर भुकटीसारखा कोरडा बर्फ. आपल्या जिल्ह्यात कणकुंबीला धो धो पडत असताना अथणीत धूळ उडत असते, तिथं 'बेळगाव जिल्ह्यात पाऊस' या बातमीला जेवढा अर्थ, तेवढाच 'गुलमर्ग २८ सेमी'ला.

तळ, मध्य, माथा असे तीन टॅब ॲपमध्ये आहेत, पण उघडल्याउघडल्या माथाच दिसतो. ही रचना मला अजूनही चुकीची वाटते. मोठा आकडा पुढं केला की लोक बुकिंग करतात.

त्या टॅबखाली फ्रीझिंग लेव्हलची ओळ आहे आणि तिथं माझं मत फिरलं. बर्फाचे कण शून्याच्या रेषेखाली आले की लगेच विरघळत नाहीत, साधारण दोन-तीनशे मीटर खालीपर्यंत टिकतात. ओळीत २,९०० दिसलं तर तळाशी काठावरचा मामला: कधी चिखलबर्फ, कधी पाऊस. २,४०० दिसलं तर तळालाही बर्फ धरायला हरकत नाही. २,००० च्या खाली गेलं तर गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गलाही पडणार, म्हणजे तिथनं गुलमर्गपर्यंतचा १३ किलोमीटरचा रस्ता चेन लावलेल्या गाडीनंच, आणि भाडं आदल्या रात्रीच ठरवून टाकायचं. एका ओळीवर गाडी, कपडे, कुठल्या टप्प्यावर जायचं, सगळं ठरतं. जानेवारीभर ही ओळ इतकी बरोबर येत गेली की ग्रुपवर रोज सकाळी मी तीच टाकायचो.

सेंटिमीटरचा हिशेबही तिच्यावरच चालतो. ॲपमागचं हवामानाचं मॉडेल मुळात पाणी मोजतं. १ मिलिमीटर पाण्याला १ सेंटिमीटर बर्फ हा ढोबळ नियम. थंडी कडक असेल तर १५ मिलिमीटरमधनं वीस-बावीस सेंटिमीटर हलका बर्फ होतो, शून्याच्या आसपास तेवढ्याच पाण्याचा सात-आठ सेंटिमीटर जड गोळा. त्यात स्की अडकते आणि गुडघे बोलायला लागतात.

दहा दिवसांचा अंदाज मात्र बघूच नका. सकाळी ६२ सेंटिमीटर दाखवतं, संध्याकाळी १८. काश्मिरात बर्फ आणणारा पश्चिमी झंझावात कुठनं वळणार हे फार तर तीन-चार दिवस आधी नीट कळतं. ॲपला ते ठाऊक असणार, तरी दहाव्या दिवसाचा आकडाही पहिल्याइतक्याच ठळक अक्षरांत छापतात.

फेब्रुवारीत आणखी एक कमतरता दिसली. वारा तक्त्यात अगदी तळाला, बारीक अक्षरांत. बर्फ भरपूर पडला, ऊनही पडलं, आणि वाऱ्यामुळं गंडोल्याचा दुसरा टप्पा बंद. वारा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर थापतो, तिथं कडक थर साचतो आणि तोच घसरतो. भरपूर ताज्या बर्फाच्या दिवशी ॲप हिरवा शिक्का देतं, याचा मला खरा राग आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. हिमस्खलनाचा इशारा चंदिगडच्या डीजीआरई या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या बुलेटिनमध्ये बघायचा आणि गुलमर्गच्या स्की पेट्रोलला, म्हणजे उतारांवरच्या गस्ती पथकाला, विचारायचं. ॲपच्या हिरव्या शिक्क्यावर कुणी उतारावर जाऊ नये, ही कळकळीची विनंती.

आता वादाचं. मेल केला की वर्षाचे पैसे घेताना ही ओळ प्लॅनमध्ये होती, वर्ष संपेपर्यंत द्या. उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.' दुसऱ्या मेलला तेच उत्तर. तिसऱ्यांदा ऑक्टोबरातली पावती आणि जुन्या पानाचा स्क्रीनशॉट जोडला, तेव्हा तीस टक्के सवलतीचं कूपन आलं, तेही महागड्या प्लॅनसाठी. मी नाकारलं. सवलत नको, जे विकलं ते द्या.

तोपर्यंत विंडी या हवामानाच्या ॲपवर 'फ्रीझिंग अल्टिट्यूड'चा थर फुकट दिसतो, तो वापरतोय. तळ-मध्य-माथा असं मांडून मिळत नाही, उंची स्वतः ताडून बघावी लागते, पण काम भागतं. जानेवारीत चार तारे दिले होते, आज दोन करतोय. दोन्ही त्या ओळीच्या अचूकपणासाठी. ऑटो-रिन्यूअल बंद केलंय. वापरत असाल तर तुम्हीही सेटिंगमध्ये जाऊन आजच बघा, आमच्या ग्रुपमधल्या एकाचे पैसे परवा कापले गेलेत.