रेसिडेन्सी अर्जाचं मार्गदर्शन, टिळकवाडी: प्रश्न फर्स्टक्लास, शेवटचा हात जरा जास्तच

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या पदवीनंतरच्या प्रशिक्षणासाठी, इरासवर (तिथल्या ऑनलाइन अर्जाच्या व्यवस्थेवर) अर्ज भरणाऱ्या बेळगावच्या पोरापोरींसाठी लिहितेय. टिळकवाडीत एक सर घराच्या पुढच्या खोलीत बसून अर्जातले अनुभव बघून देतात. तक्रारही करायची आहे, म्हणून नाव देत नाही.

अर्जात जास्तीत जास्त १० अनुभव टाकता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा. मी खानापूर भागातल्या गरोदर बायकांच्या तपासणीबद्दल लिहिलं होतं, ‘शिबिरांत सक्रिय सहभाग घेतला, संवादकौशल्य वाढलं’. सरांनी कागद बाजूला सारला. ‘डॉक्टर, तुम्ही नसता तर तिथं काय अडलं असतं?’

मग एकेक निघायला लागलं. रक्त कमी असलेल्या बायका लोहाच्या गोळ्या घरी न्यायच्या, पण खायच्या नाहीत. एकीनं तर सरळ सांगितलं होतं, ‘शी काळी होत्या बाई, आत काय जळलंय काय की!’ ज्या खायच्या त्या चहाच्या घोटाबरोबर, मग लोह अंगाला लागणार कसं? माहितीचा कागद कन्नडमध्ये, वाचणाऱ्या मराठी. आशाताईंना हाताशी धरून मी मराठीत दोन ओळींची चिठ्ठी केली: काळं होणारच, घाबरू नका, चहा नंतर. ती गोळ्यांच्या पाकिटाला स्टेपल केली. ‘हेच लिहा की!’ सर म्हणाले. ‘सहभाग-बिहभाग काढा.’ एवढ्या एका बैठकीचे पैसे वसूल झाले.

पण पॅकेज घेतलं की ते स्वतः लिहूनही देतात, आणि तिथं गडबड आहे. परत आलेल्या मसुद्यात मी त्या उपक्रमाची प्रमुख झाले होते आणि गोळ्या घेणाऱ्या बायका ४० टक्क्यांनी वाढल्या होत्या. मोजलं कुणी? मुलाखतीत अर्जातली कुठलीही ओळ उचलून विचारू शकतात, तेव्हा हे सर शेजारी नसणार. दोन्ही खोडलं. सर्वांत महत्त्वाच्या ३ अनुभवांना ३०० अक्षरं वेगळी मिळतात. तिथंही त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली होती. तो अनुभव मला महत्त्वाचा का वाटला, हे मी माझं मी लिहिलं.

आयुष्यातल्या अडचणींचा रकाना ऐच्छिक आहे. तिथं त्यांनी ‘सीमाभागात वाढल्याचं दुःख’ लिहायला सुचवलं. अहो, मराठी शाळा घरासमोर होती, कन्नड मी गल्लीत खेळता खेळता शिकले, कसलं दुःख? कोरा ठेवला.