चॅनची फायनल: अल्जियर्स की नैरोबी?

एकच रात्र मोकळी आहे आणि चॅनची, म्हणजे आफ्रिकी देशांच्या एका फुटबॉल स्पर्धेची, एक फायनल पूर्ण बघायचीय, तर माझ्या मते निवड दोनच सामन्यांत आहे: ४ फेब्रुवारी २०२३ची अल्जीरिया-सेनेगल, नाहीतर ३० ऑगस्ट २०२५ची मोरोक्को-मादागास्कर. आपापल्या देशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्यांचीच ही स्पर्धा असल्यामुळं शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅची बघत वाढलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना ती मोठ्या आफ्रिका कपापेक्षा जवळची वाटते.

वातावरण म्हणाल तर अल्जियर्सच. यजमान संघ फायनलमध्ये, नवंकोरं नेल्सन मंडेला स्टेडियम, आणि तोवर एकही गोल न खाल्लेली अल्जीरिया. फायनलच्या १२० मिनिटांतही त्यांनी गोल खाल्ला नाही आणि तरी चषक गेला, पेनल्टीवर ५-४. बचावाचा खेळ आवडणाऱ्यानं ही मॅच जरूर बघावी, मी नाही म्हणणार नाही.

पण मला मिळालेल्या रेकॉर्डिंगच्या नावातच ‘पेनल्टी’ लिहिलेलं होतं. एवढ्या एका शब्दानं सगळा विचका केला. फटका गोलकडं निघाला की छातीत धस्स व्हायला हवं ना? इथं आधीच ठाऊक, हा काही आत जात नाही. तासाभरानं मी चहा टाकायला उठलो, तर मॅच थांबवायचंही सुचलं नाही.

नैरोबीत हा त्रास नाही. केनिया उपांत्यपूर्व फेरीतच मादागास्करकडून हरलेली, त्यामुळं कासारानीच्या मैदानावर घरच्या संघाचा जोर नव्हता, हे खरं. पण नवव्या मिनिटाला मादागास्कर पुढं, मध्यंतराला मोरोक्को २-१, मग पुन्हा बरोबरी. निकाल ३-२, मोरोक्को. बघा, सांगूनही टाकला, तरी बिघडत नाही, कारण तिसरा गोल कसा झाला हे डोळ्यांनीच बघायला पाहिजे. गोली पुढं आलेला बघून उसामा लमलिऊईनं लांबूनच चेंडू त्याच्या डोक्यावरून उचलला. ८०वं मिनिट! दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, बायको शेजारी बसून मुखवटे पुसत होती. मी असा ओरडलो की मुखवटा तिच्या हातून निसटता निसटता राहिला.

रेकॉर्डिंगवर तोच गोल मी आणखी दोनदा बघितलाय. तुमची आवड वेगळी असू शकते. पण रात्र एकच असेल तर ती नैरोबीला द्या. अल्जियर्सच्या नुसत्या पेनल्ट्या सकाळी चहाबरोबर बघून होतील.