गस्तीच्या गाडीतला टॅब: लिखापढी खरंच कमी होते का?

पोलिसांचा घटनेचा अहवाल गाडीतच पूर्ण व्हावा, पोलीस ठाण्याच्या खेपा वाचाव्यात, यासाठी हा टॅब आणि त्यातलं सॉफ्टवेअर. सुरुवात झकास आहे. घटना उघडली की कंट्रोल रूमकडून आलेली वेळ आणि ठिकाण आपोआप भरलेलं दिसतं; काढलेला फोटोही त्याच नोंदीला जोडला जातो.

घोडं अडतं ते नाव-पत्त्याशी. तक्रारीतलं नाव जबाबात, जप्तीच्या यादीत, अटकेच्या फॉर्ममध्ये पुन्हा पुन्हा टाइप करायचं, कारण हे फॉर्म एकमेकांशी जोडलेलेच नाहीत. एका कागदावर आडनाव वेगळं पडलं की कोर्टात नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं. गस्तीचा वेळ खातं ते हेच. रेंज गेली तर मसुदा टिकतो, पण ‘सेव्ह’ दाबलं असेल तरच. दर पानाला दाबा. बोलून टाइप करताना वायरलेस सुरू असेल, तर त्यावरचं बोलणंही मजकुरात शिरतं. सही अजून कागदावरच, म्हणजे प्रिंटसाठी ठाण्यात जाणं आलंच.

खरेदीआधी चोरीची एक नमुना तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून बघा. एकच नाव दोनदा टाइप करावं लागलं, तर फॉर्म जोडून मिळेपर्यंत ऑर्डर देऊ नका.